गाडी गेली, गणपती राहिला

महानंदाबाईंच्या घरातून गाडी गेली, पण गाडीतला गणपती राहिला. बोटभर उंचीचा, पितळी रंगाचा, तळाशी लोहचुंबक असलेला. त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे अनिलकुमारांच्या गाडीत तो डॅशबोर्डवरच्या पत्र्याच्या चकतीला धरून बसायचा आणि येलहंकाहून व्हाइटफील्डपर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांतून जागचा हलायचा नाही. उन्हाळ्यात कंपनीनं अनिलकुमारांना घरी बसवलं, मग गाडीही विकावी लागली. नवा मालक किल्ली घ्यायला आला तेव्हा बाईंनी आधी देव उचलून पदराखाली घेतला. गाडी न्या, देव मिळणार नाही, असा एकूण आविर्भाव होता.

बाई तशा पक्क्या बेंगळुरूच्या. माहेर-सासर इथलंच, मराठी घरापुरती, आणि तीही निम्मी कन्नडात भिजलेली. एरवी देवधर्माचं फारसं अवडंबर नाही, पण आयुधपूजेला मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत कुणाची सुटका नसायची. यंदा पूजेला गाडी नव्हती. घर ज्याच्या जिवावर पुन्हा चालेल असं आयुध एकच उरलं होतं, लॅपटॉप. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याच्यावर अनिलकुमारांची परीक्षा होती. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना विचारलं होतं. परीक्षा फोनवर चालणार नव्हती, आणि पन्नाशी उलटल्यावर असं दुसरं बोलावणं येईल याचा काही नेम नव्हता.

तेव्हा नवमीला बाईंनी लॅपटॉप उघडला, हळदकुंकवाचं बोट टेकवलं, शेवंतीचं फूल वाहिलं आणि कीबोर्डच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, हाताला अडचण होणार नाही अशा बेतानं गणपती बसवला.

"परीक्षा होईपर्यंत हा इथंच. उघडाल तेव्हा आधी हा, मग बटण," त्यांनी बजावलं.

"सरी, बरं," अनिलकुमार म्हणाले. अलीकडे ते कशालाच नाही म्हणत नसत.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुरघुरला, पडदा मात्र काळा ठिक्कर. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. पुण्याहून मुलगी संहिता फोनवर सांगत गेली आणि वडील करत गेले: बटण दाबून धरा, चार्जर काढून बघा, पडद्यावर टॉर्च मारा, अंधूक काही दिसतंय का. काही दिसलं नाही. सणाच्या दिवशी दुरुस्तीचं दुकान कुठलं उघडं असणार? शेजारच्या रघुपतींनी आपला लॅपटॉप देऊ केला, पण तो ऑफिसचा, बाहेरचं काही उघडूच देईना. बाईंना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याचं तोंड उतरत चाललेलं बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. जे येत होतं ते त्यांनी केलं, गणपतीला आणखी एक फूल वाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधीच अनिलकुमार लॅपटॉप काखोटीला मारून पायरीवर हजर. दुकानदार नागराजनं बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला. त्यानं बंद केला, चालू केला, परत बंद केला, परत चालू केला.

"एन इल्ला सर, काही नाही. स्वल्प लूज असेल कुठं तरी."

अनिलकुमार कित्येक दिवसांनी हसत घरी आले. बाईंनी झाकण उघडलं, गणपतीला जागेवर बसवलं, हात जोडले, मग बटण दाबू दिलं. पडदा काळा.

अकरा वाजत आले होते. पुन्हा दुकान गाठायचं तर खाली रस्ता तुंबलेला. अनिलकुमार बटण दाबत राहिले. शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं अगदी गोड आवाजात सांगितलं, वेळ बदलता येत नाही सर. ते आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

बाईंना रडू आलं नाही, राग आला. गणपतीचा.

"इतकी वर्षं तुला घेऊन हिंडले ते," त्या पुटपुटल्या, "आणि तुला एक दिवस जमलं नाही. जा, बस देव्हाऱ्यात." त्यांनी त्याला उचललं. पंखा अजून घुरघुरत होता. पडदा उजळला.

त्यांनी गणपती परत ठेवला. पडदा काळा. उचलला. उजळला. अंगठा तळाच्या लोहचुंबकावर होता. झाकण मिटलेलं आहे की उघडं, हे लॅपटॉप झाकणातल्या लोहचुंबकावरूनच ओळखतो आणि गणपतीच्या लोहचुंबकानंही फसतो, हे बाईंना कुठून ठाऊक असणार? नागराजला असेलही, पण त्याच्या दुकानात गणपती गेला नव्हता. बाईंना एवढंच कळलं की हे आपण केलं.

गप्प बसता आलं असतं. त्यांना ते जमलं नाही.

"अहो, स्वल्प इकडे या."

त्यांनी ठेवून दाखवला, उचलून दाखवला. "मीच ठेवला होता," त्या म्हणाल्या.

अनिलकुमार पडद्याकडे बघत राहिले. अकरा केव्हाच वाजून गेले होते. मग त्यांनी बायकोच्या हातातून गणपती घेतला. आता हा खिडकीबाहेर जाणार, असं बाईंना वाटलं. पण त्यांनी तो डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि गाडीत बसल्यावर रोज दाबून बघायचे तसा अंगठ्यानं दाबून बघितला. पडदा काळा झाला.

"राहू दे," ते म्हणाले. "आज आता कुठं जायचंय."