काकूंची समई आणि माझा क्लिअर कोट

मी काकूंच्या समईवर गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावर मारतात तो पारदर्शक थर, मारला. पितळेच्या समईवर. जिच्यात तेल घालून वाती पेटवतात, त्या समईवर. त्यांना न विचारता, आणि वर त्यांच्याच भल्यासाठी.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही.

काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या मेधाची आई. इथे टेक्ससमधल्या प्लेनोत गल्ली नसते, एकसारख्या विटांच्या घरांची वळणं असतात, पण आम्ही आपली गल्लीच म्हणतो. काका गेल्यावर काकू मिरजेहून लेकीकडे राहायला आल्या, त्या समई घेऊनच. तिचे भाग सुटे करून साड्यांत गुंडाळले होते. विमानतळावरच्या माणसाने बॅग उघडून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा काकूंनी "लाइट" एवढंच सांगितलं. त्याला पटलं. काकूंचं बोलणं बहुधा पटतंच. नाही पटलं तर त्या पटेपर्यंत नुसत्या बघत राहतात.

त्यांची एक लकब होती. कुठलंही भांडं हातात घ्यायच्या, लांब धरायच्या, मान जराशी तिरकी करून त्यात स्वतःला पाहायच्या, कानामागची बट सारखी करायच्या आणि म्हणायच्या, "तोंड दिसलं पाहिजे." दिसलं तर भांडं टॉवेलवर, नाही दिसलं तर परत चिंचेत. अपील नाही.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा चहाच्या आधी त्यांचं लक्ष आमच्या स्टीलच्या फ्रिजकडे गेलं.

"हे काय पोलीस ठाणं आहे का गं?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

"का काकू?"

"नाही, सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेऊन ठेवलेत, म्हणून विचारलं."

मग त्यांनीच एक जुना सुती पंचा मागून घेतला, त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि फ्रिज वरून खाली पुसत नेला. "स्टीलला रेघा असतात, त्या दिशेनेच पुसायचं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसं. उलटा फिरवलास की ते बिघडतं." फ्रिजमध्ये त्यांचं तोंड दिसायला लागलं, बट सारखी झाली, आणि मगच त्यांनी चहा घेतला.

अशा बाईला प्रभावित करायचं माझ्या मनाने घेतलं, हा माझा पहिला गुन्हा.

आम्ही नवीन घर घेतलं होतं आणि सत्यनारायण घालायचा होता. लाकडी जमीन चकचकीत दिसावी म्हणून मी दुकानातून पॉलिश आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, पातळ थर द्या. मी विचार केला, पातळ कशाला, चांगले तीन-चार जाड थर देऊन टाकू. दिले. जमीन अशी चमकायला लागली की वरचा पंखा खाली फिरताना दिसत होता. पण आपल्या लोकांची पद्धत मी विसरलो होतो. पाहुणे आले, दारात बूट काढले आणि मोजे घालून आत आले.

पुढचं तुमच्या डोळ्यांसमोर आलंच असेल. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार "नमस्कार" म्हणत दारातून आत आला आणि हात जोडलेल्या स्थितीतच थेट स्वयंपाकघरात पोचला. गुरुजी, जे एरवी एका कंपनीत डेटाबेस सांभाळतात, कलश छातीशी धरून भिंतीला टेकले आणि तिथून हलेनात. काकू तेवढ्या अनवाणी होत्या. त्या सावकाश मधोमध चालत आल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तोंड दिसतंय हो. पण ते पडल्यावर." मग वळून हुकूम सोडला, "मोजे काढा रे सगळ्यांनी." मोज्यांच्या जोड्या दाराशी जमल्या, आणि कथा अनवाणी पार पडली.

आता त्या शनिवारांबद्दल सांगतो.

गणपतीच्या आधीचा शनिवार म्हणजे मेधाच्या गॅरेजमध्ये घासायचा शनिवार. गाड्या बाहेर काढायच्या, ताडपत्री अंथरायची, मोठा पंखा लावायचा आणि ज्याने त्याने घरातलं पितळ घेऊन यायचं. ताम्हण, निरांजनं, घंटा, कुणाच्या आईने बॅगेत कोंबलेला तांब्या. चिंच मेक्सिकन दुकानातून यायची, शेंगांसकट. राख शेजारचा टेक्सन द्यायचा, त्याच्या अंगणातल्या शेकोटीची. ती आम्ही कशाला नेतो हे त्याने पहिल्या वर्षी विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी तो स्वतःचा पितळी कडीकोयंडा घेऊनच आला.

काकू पाटावर मध्ये बसायच्या. समई मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत, ती त्यांची. त्यांचा एकच नियम होता: "तोंड बंद पडलं की हात बंद पडतात. बोला." आणि लोक बोलायचे. एरवी "बिझी यार, नंतर कॉल करतो" म्हणणारी माणसं तिथे चिंचेत कोपरापर्यंत हात घालून तासन्‌तास बोलायची. नागपूरचा एक मुलगा, नोकरी गेलेली, बायकोला सांगायची हिंमत नव्हती. त्याने ते पहिल्यांदा काकूंजवळ, ताम्हण घासता घासता सांगितलं. काकूंनी मान वर न करता विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?" आणि त्याच्या हातात अजून एक ताम्हण दिलं.

तर अशा एका वर्षी मेधा मला म्हणाली, "आईचा अंगठा फार दुखतो रे. डॉक्टरांनी घासायचं बंद सांगितलंय. ऐकत नाही ती. तूच समजाव काहीतरी."

समजावण्यापेक्षा मला सोल्युशन काढायला आवडतं. पितळ काळं का पडतं? हवा लागते म्हणून. हवाच लागू दिली नाही तर? मी गाडीला ओरखडा पडला होता तेव्हाचा क्लिअर कोटचा डबा शोधून काढला. मग काकूंकडे गेलो, "समईचा आटा ढिला झालाय, नीट करून आणतो" म्हणून थाप मारली आणि समई घरी आणली. घासली, पुसली, सुटी केली आणि पाया, दांडा, वाटी, वरचा मोर, सगळ्यांवर फवारा मारला. आट्यांवरसुद्धा. प्लेनोच्या उन्हाने गॅरेजात कोट तासाभरात कडक वाळला. भाग परत जोडताना ते एकमेकांत जाईनात, तेव्हा मी थोडा हातोडा वापरला.

बायकोने दारातून पाहिलं. "काकूंना विचारलंयस?"

"सरप्राइज आहे."

"ते होणारच आहे," ती म्हणाली.

शनिवारी मी समई घेऊन गॅरेजमध्ये शिरलो तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. खरं सांगतो, समई दिसत सुंदर होती. काकूंनी ती लांब धरली, मान तिरकी केली. "तोंड दिसतंय."

"आता ही कधीच काळी पडणार नाही काकू. तुम्हाला घासायलाच नको. पुढच्या वर्षी सगळ्यांचंच पितळ असं करून टाकू."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"मग त्या शनिवारी काय करायचं?"

"आराम करायचा."

"बरं," काकू म्हणाल्या. समई खाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. ते "बरं" गॅरेजमधल्या प्रत्येकाला कळलं, शेजारच्या टेक्सनलासुद्धा. मी मात्र कोटाच्या टिकाऊपणाबद्दल बोलत होतो.

घासणं संपलं की काकू समई लावून बघायच्या, कुठे तेल गळत नाही ना म्हणून. त्यांनी तेल घातलं, वाती लावल्या. थोडा वेळ ठीक गेला. मग वातींच्या खाली कोट आधी पिवळा झाला, मग त्याला पापडासारखे फोड आले आणि गॅरेजभर गाडी रंगवायच्या वर्कशॉपसारखा वास सुटला. मेधाची मुलगी म्हणाली, "आजी, इट्स मेल्टिंग."

मी फुंकर घालायला वाकलो. काकूंनी माझं तोंड तळव्याने बाजूला सारलं. "दिवा फुंकत नाहीत." समई जळत होती, धूर होत होता, आणि काकूंनी चमच्याने एकेक वात हळूच मागे तेलात ओढून तो दिवा रीतीने शांत केला. मग माझ्याकडे वळल्या.

"गणपती बुधवारी आहे, इंजिनियर. हे निघणार कसं?"

रविवारी सकाळी मी रंग काढायच्या ॲसिटोनचा डबा, जुने टूथब्रश आणि खाली गेलेली मान घेऊन हजर झालो. आटे सुटेनात, हातोड्याने बसवले होते ना. काकू पाटावर, मी ताडपत्रीवर. गॅरेजचं दार पूर्ण वर, पंखा चालू. कोट सालीसारखा निघत होता आणि खालचं पितळ डागाळलेलं होतं.

"अंगठा दुखतो ना तुमचा, म्हणून केलं हो," मी म्हणालो.

"दुखतो तर. रात्री ठणकतो."

"मग घासायची हौस कशाला एवढी?"

"हौस?" त्या हसल्या. "अरे, मिरजेत मी मोलकरणीकडून घासून घ्यायचे. इथे पितळ काळं पडतं म्हणून तुम्ही येता. नाही तर आरती झाली, प्रसाद घेतला, गाड्या काढल्या की संपलं. हातात भांडं नसताना तू मला कधी भेटायला आलायस का, सांग."

मी आठवून पाहिलं. "फ्रिज पुसला तेव्हा तुम्ही आला होता," मी म्हणालो.

"मी आले होते. तू नाही."

मी टूथब्रश जोरात चालवायला लागलो. जरा वेळाने त्यांनी पायानेच चिंचेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "आता घास. मी बघते. आणि बोल काहीतरी."

मी बोललो. ऑफिसबद्दल, व्हिसाबद्दल, वडिलांशी फोनवर होणाऱ्या त्याच त्या भांडणाबद्दल. सोमवारी, मंगळवारी ऑफिसनंतर पुन्हा गेलो. नागपूरचा मुलगा आला, मेधाची मुलगी आली. काकूंनी चिंचेला हात लावला नाही. अंगठा पदरात, हुकूम तोंडात. "खाली घास. आणखी खाली. हो, तिथेच, जिथे काही राहिलं नाही म्हणत होतास." डॉक्टर, मेधा आणि माझं सोल्युशन यांना जे जमलं नव्हतं, ते माझ्या चुकीने जमलं. हे मी बायकोला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "चुकीचं श्रेयपण तूच घे."

बुधवारी समई लागली. वाटीच्या खाली खाचेत एक काळपट डाग मात्र राहिला, काही केल्या निघेना. मी तो दाखवून माफी मागायला लागलो तर काकू म्हणाल्या, "राहू दे. दृष्ट लागायची नाही."

त्यानंतर काही वर्षं ते शनिवार असेच गेले. काकू पाटावर बसून नुसतं बघायच्या आणि गॅरेजमध्ये पूर्वीपेक्षा जास्त माणसं असायची. अधूनमधून मी भांड्याशिवायही जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझे रिकामे हात पाहिले आणि विचारलं, "काय बिघडवलंस?"

गेल्या हिवाळ्यात त्या मिरजेला परत गेल्या. धाकटी बहीण एकटी आहे, दोघी मिळून राहतात, संध्याकाळी पत्ते खेळतात आणि फोनवर दोघींच्याही तक्रारी मजेत चाललेल्या ऐकू येतात. जाताना समई मेधाला देतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "ज्याने जाळली त्याने सांभाळायची."

यंदाचा शनिवार आमच्या गॅरेजमध्ये झाला. पाट मध्ये ठेवला होता, त्यावर कुणी बसलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. मग मेधाने त्या पाटावर रंगाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि मिरजेत उशीवर रेलून बसलेल्या काकू आमच्यात आल्या. "आवाज येत नाही तुमचा. बोलताय ना?" त्यांनी आधी हेच विचारलं.

शेवटी मी समई पुसली आणि फोनच्या बाजूला बसून कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी चष्मा चढवला, मान तिरकी केली. मला त्या डागाची धास्ती होतीच. सकाळपासून तीच खाच घासत होतो.

"काकू, अजून दिसतोय का हो तो?"

"कुठला?"

"मधोमध, काळपट."

काकू फोनच्या जवळ आल्या. त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"तो डाग नाही रे," त्या म्हणाल्या, "ते तुझं तोंड आहे."