गुडघ्यामागची शीर

कलावती रामटेके तात्यापारा भागातल्या साडीच्या दुकानात बावीस वर्षं उभी राहिली. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा मालकाचा नियम. चाळिशी लागता लागता डाव्या पायाच्या शिरा फुगून गाठी गाठींनी वर आल्या.

गुढियारीत घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. डॉक्टरनं तिला उभं करून पाय पाहिला, पेनानं रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी मांडीतली शीर ओढून काढली. दोन महिन्यांनी ती कामावर गेली, तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई साड्या उलगडून दाखवत होती.

वर्षभरात गाठी परत आल्या. मग घोट्याजवळची कातडी काळी पडली, फुटली. जखम भरायची, पुन्हा उघडायची. जखमेतून येणाऱ्या पाण्याचा वास येतो म्हणून सात वर्षं ती कोणाकडे बसायला गेली नाही. बहिणीच्या पोरीचं लग्नही मांडवाच्या टोकावरून पाहून परतली.

मुलगी दीक्षा नोकरीला लागली आणि तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. शहर हिंदी बोलणारं, पण तिथल्या डॉक्टर ज्ञानदा मूळच्या अमरावतीच्या, म्हणून बोलणं मराठीत झालं. पुन्हा ऑपरेशन करण्याआधी त्यांनी शिरांची सोनोग्राफी करायला घेतली.

"स्टुलावर उभ्या राहा. भार उजव्या पायावर."

"झोपून नाही होत का?"

"उभं राहिल्यावरच रक्त खाली गळताना नीट दिसतं."

त्यांनी जेल लावून यंत्र गुडघ्यामागे टेकवलं, पोटरी दाबून सोडली. पडद्यावर निळा रंग वर गेला, मग लाल होऊन खाली आला. येतच राहिला.

"गळती इथं आहे. पहिल्या ऑपरेशनआधी ही तपासणी झाली होती?"

"नाही. मंग मांडीतली काढली ते?"

"ती खराब होती की चांगली, आता सांगता येत नाही. ही गुडघ्यामागची मात्र तशीच राहिली."

"हे कागदावर लिहून द्या मले."

"आज दिसतं तेवढंच लिहू शकते."

तो रिपोर्ट घेऊन ती एकटीच जुन्या डॉक्टरकडे गेली. त्यानं पाकीट उघडलं नाही. "कुछ लोगों में वापस आ जाता है, अम्मा," म्हणत पुढच्या पेशंटला बोलावलं. ती हलली नाही, तेव्हा वॉर्डबॉयनं कोपर धरून बाहेर आणलं.

मोठ्या दवाखान्यात दुसरं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांत जखम सुकली.

"अब तो ठीक है ना मम्मी, छोड़ो वो बात," दीक्षा म्हणाली.

"पाय ठीक आहे. पन मले रागच येऊन राहिला. त्याले का करू?"

दीक्षानं मोबाईल खाली ठेवला. आईजवळ येऊन बसली.