दोधू डाकवाल्याची उसण

तळोद्यात तेव्हा घड्याळं चार-दोन घरीच. बाकीचं गाव दोधूच्या घुंगरांवर चालायचं. सकाळी डाकेची थैली पाठीला बांधून, घुंगरू लावलेली बरची खांद्यावर टाकून तो अक्कलकुव्याच्या वाटेला लागला, की बायका म्हणायच्या, "दोधू पळना, चूल पेटाडा." अर्ध्या वाटेवर चिंचेखाली अक्कलकुव्याचा डाकवाला रामसिंग त्याची वाट बघत असे. थैल्यांची अदलाबदल झाली की रामसिंग पुढे पळे, दोधू माघारी फिरे. चौदा वर्षं हा नेम चुकला नव्हता. आणि पळणं तरी कसं! एका लयीत, तोंड मिटून, जणू वाटच त्याच्या पायाखालून मागे सरकते आहे.

१९३३च्या भादव्यात मात्र एक ओहळ ओलांडताना त्याच्या कमरेत लखकन चमक मारली. कंबर धरून, लंगडत तो चिंचेपाशी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"काय रे, वाटमा वाघ भेटना का?" रामसिंग हसला.

"हासू नको भो. मन्ही कंबर गयी."

पोस्टमास्तर माणूस भला, पण त्यांचाही इलाज नव्हता. "सोमवारी वरून साहेब येतायत दोधू. प्रत्येक रनरला पळताना बघणार. तोवर मी बदली माणूस लावतो. पण सोमवारी तू पळाला नाहीस, तर तोच कायम होईल."

हातात सहा दिवस होते.

खरी गंमत अशी, की उसणीवरचा उतारा दोधूच्या घरातच होता. त्याची बायको सुंदरबाई पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. अशा माणसाने उंबऱ्यावर पालथं पाडून कमरेला तीनदा पाय लावला, की उसण उतरते, हे सगळ्या गावाला ठाऊक. दर मंगळवारी तिच्या दारात वाकडीतिकडी माणसं येत आणि ताठ होऊन जात. पण नवऱ्याला पाय लावायचा कसा? दोधूला चारचौघांच्या हसण्याची भीती, आणि सुंदरबाईला त्याहून मोठी. नवऱ्याच्या अंगाला पाय लागला की बाईचं कुंकू उणं होतं, असं तिच्या आईने तिला बजावलेलं.

म्हणून दोधूने सगळं करून पाहिलं. निरगुडीचा पाला बांधला, मोहाचं तेल चोळलं. पलीकडच्या गावी एक पायाळू म्हातारा आहे असं कळलं, तर बैलगाडीत आडवा पडून तिकडे गेला. म्हातारा गेला होता लेकीकडे. जाता-येता गाडीने असे धक्के दिले, की उरलीसुरली कंबरही हातची गेली. तो गाडीतून उतरताना शेजारची हाजराबी दाई कपाळाला हात लावून म्हणाली, "वा रे वा! आख्ख्या तळोदाना कंबरा हिन्हा पायखाल सुधरन्यात, नी घरना धनी मात्र वाकडाच!"

दारात उभी असलेली सुंदरबाई पाठ फिरवून घरात गेली.

रविवारी सकाळी दोधू परसात पळून बघत होता. चौथ्या पावलालाच तो गुडघ्यांवर आला आणि तसाच, मातीत हात टेकून राहिला. सुंदरबाईने दारातून ते पाहिलं. तिने तांब्याभर पाणी आणलं, त्याचे पाय धुतले, त्यांवर डोकं ठेवलं.

"उंबरावर पालथा पडा," ती म्हणाली.

"येडी व्हयनी का? लोके काय म्हनतीन?"

"लोके काय म्हनतीन ते मी देखसू. पाप लागनं ते मले लागी. पडा म्हनस ना!"

दोधू पालथा पडला. तिने पाय उचलला. तीनदा पाय लागला, तोही इतका हलका, जणू झोपलेलं मूल जागं होऊ नये. मग ती तिथेच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दोधूला आपली कंबर विसरून तिचीच समजूत घालावी लागली.

सोमवारी साहेब वाटेवरच्या डाकबंगल्यापाशी हातात घड्याळ घेऊन उभे होते. दोधू पळाला. पहिल्या अर्ध्या कोसात कमरेत सुया टोचत होत्या. त्याने दात आवळले, पाऊल आखूड टाकलं, पण लय तुटू दिली नाही. साहेबांसमोर आला तेव्हा तर चक्क हसला. साहेबांनी मान हलवली आणि त्याच्या नावापुढे खूण केली. बदलीचा माणूस त्याच दुपारी घरी गेला.

दोधू घरी पोचला तेव्हा सुंदरबाई दारातच उभी होती.

"आते तरी दुखस का?"

"नही," तो म्हणाला. "तुन्हा पाय लागना, तवयच उतरनी."

खरं म्हणजे उसण उतरायला पुढे पंधरा दिवस गेले. पण त्या बाईने एवढं पाप अंगावर घेतलं, ते फुकट गेलं असं तिला वाटायला नको, म्हणून तो ताठ चालायचा आणि दुखणं ओठांच्या आत ठेवायचा.

सुंदरबाईने पुन्हा विचारलं नाही. फक्त त्या पंधरा दिवसांत त्याचं ताट तिने एकदाही खाली मांडलं नाही. वाकायला नको म्हणून रोज ओट्यावर, उंचावर वाढलं.