एका ओळीच्या कामाला अख्खं गाव

आमच्या टेंभुर्णीचा हरिओम म्हणजे नीटनेटकेपणाचा आजार झालेला माणूस. लग्नात पंगतीला बसला तर शेजारच्यांच्या पत्रावळीसुद्धा सरळ रेषेत आणतो, मगच घास घेतो. त्याची बायको आकांक्षा म्हणते, "ह्यांच्या हाताला गप बसणं माहीतच न्हाई." ह्याच हातांनी त्यानं स्वतःचं नाक कसं कापून घेतलं, ते कुणाला सांगितल्याशिवाय मला भाकर पचत नाही.

हरिओम जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाण्याच्या कारखान्यात पिशव्यांची लेबलं छापतो. ज्या प्रोग्रामवर छापतो तो कुण्या कंपनीचा नाही. देशोदेशीची माणसं मिळून तो फुकट बनवतात, त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी. सांभाळणाऱ्यांना पटली तर ती आत जाते अन् पाठवणाऱ्याचं नाव तिथं कायमचं लागतं. त्या प्रोग्रामात एक खोड होती. वाणाचं नाव लांब असलं की शेवटचं अक्षर लेबलाबाहेर जायचं. हरिओमनं व्हिडिओ बघून बघून ती खोड शोधली. चूक एका ओळीची. ती त्यानं सुधारली, खरंच सुधारली, अन् पाठवायच्या आधीच आपलं नाव जगात लागणार म्हणून गावभर सांगून मोकळा झाला.

पण फाइल उघडल्यावर हाताला खाज सुटली ना! ओळींच्या आधीची मोकळी जागा वाकडी वाटली, ती बदलली. कंस खाली होते ते वर नेले. दुसऱ्यांनी ठेवलेली नावं आवडली नाहीत, तीही बदलली. म्हणजे शेजारणीचा गळका नळ बसवायला जावं अन् येताना तिच्या मांडणीवरची सगळी भांडी आपल्या मनासारखी लावून यावं. आता त्या बाईनं चहाची गाळणी शोधायची कुठं?

उत्तर इंग्रजीत आलं. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'टी', फोटोच्या जागी मांजर. दुरुस्ती कामाची दिसते, पण बाकीच्या बदलांच्या ढिगात ती सापडत नाही. फाइलीची मांडणी आहे तशी राहू द्या, तेवढी दुरुस्तीच पुन्हा पाठवा, ती का केली ते लिहा. आमचे नियम लिहून ठेवलेत, ते एकदा वाचा.

नियम वाचायचे सोडून हरिओम चहाच्या टपरीवर आला. "मी त्याचं घर झाडून दिलं, अन् तो गोरा मलाच नियम शिकवून राह्यला!"

तिथं आमचे माजी सरपंच बद्रीनाथ बसलेले. "एकटाच गेल्ता ना? मंग असंच व्हणार. तहसीलला आपण कधी एकटं जातो का? चार माणसं नेली की साहेब बराबर खुर्ची देतो."

"काका, हे तहसील न्हाई."

"साहेब सगळीकडं साहेबच असतो रे. माणसं मी आणतो, तू फक्त दार दाखव."

अन् ह्या शहाण्यानं दार दाखवलं. पारावर बसून एकेकाचा मोबाइल घेतला, त्या प्रोग्रामच्या साइटवर आपल्या हातानं खाती उघडून दिली, कुठं लिहायचं ते बोटानं दाखवलं. मग काय विचारता! त्या दुरुस्तीखाली गावानं नुसती रांग लावली. "साहेब, पोरगं गुणी आहे, अडवू नका." "पुंजाराम अण्णांचा मुलगा आहे, काम होऊन जाऊ द्या." टायरवाल्या लतीफनं गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात केलं. एकानं लिहिलं, "गोऱ्या लोकांना आपलं वर आलेलं बघवत नाही." अन् सगळ्यांवर कडी बद्रीनाथांची: "जे काय असेल ते बसून बोलू. तुमचंही बघून घेऊ."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं तेव्हा मंडळी पारावरच होती. "नमला का साहेब? वाच मोठ्यानं," बद्रीनाथ म्हणाले. हरिओम छाती काढून वाचायला लागला. उत्तर मराठीत होतं.

"हरिओमभाऊ, मी साहेब नाही, बाई आहे. नाव तरन्नुम, माहेर भोकरदन. त्यामुळे सगळं वाचलं."

एवढं वाचून तो थांबला. बद्रीनाथ म्हणाले, "अरे, वाच की!" त्यानं मोबाइल तसाच पुढं केला, अन् राहिलेलं लतीफनं वाचून दाखवलं.

"आम्ही हे काम सुट्टीच्या दिवशी, फुकट करतो. तुमची दुरुस्ती बरोबर होती, म्हणून तर पुन्हा पाठवा म्हटलं. माझे बाहेरदेशचे सोबती मशीनकडून मराठी समजून घेतात. 'तुमचंही बघून घेऊ' म्हणजे काय, असं ते मला विचारत होते. आपल्याकडची बोलायची पद्धत आहे, एवढंच सांगितलं. आता इथलं बोलणं बंद करते."

 

दोन शिव्या दिल्या असत्या तर हरिओमनं परत दिल्या असत्या. पण त्या बाईनं आपल्या मुलखाची अब्रू परक्यांसमोर झाकली होती, त्याचं काय करायचं? तो दारोदार फिरला, "तेवढं लिहिलेलं पुसा" म्हणून. लतीफ म्हणाला, "भाऊ, मैंने तो फूल डाला था," तरी बिचाऱ्यानं पुसलं. बद्रीनाथ मात्र भडकले. "आम्ही तुझ्यासाठी गेल्तो, अन् आता आम्हीच वंगाळ? बिलकुल पुसणार न्हाई."

मग हरिओमनं नियमांचं पान वाचलं. त्यात पहिल्याच परिच्छेदात सगळं होतं, मेलं. त्यानं एकच ओळ बदललेली दुरुस्ती नव्यानं पाठवली, का केली ते लिहिलं, अन् खाली लिहिलं, "ताई, चुकलं. माणसं मीच आणली होती." उत्तर एवढंच आलं की दुरुस्ती घेतली आहे. नाव लागलं.

नवा प्रोग्राम कारखान्यात आला तेव्हा पॅकिंगचा रामप्रसाद लेबल हातात धरून ओरडला, "अरे, पुरं नाव यून राह्यलं! कुणी केलं रे हे?"

सांगायचं तर दाखवावं लागलं असतं. त्या नावावर बोट ठेवलं की त्यानं पाठवलेलं जुनं-नवं सगळं उघडतं, अन् त्यात बद्रीनाथांचं ते वाक्य अजून तसंच आहे.

"असंल कुणीतरी," हरिओम म्हणाला, अन् मशीनमध्ये कागदाची नवी गुंडाळी बसवायला खाली वाकला.