उघाडीचा थांबा

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. मी रसायनशास्त्र शिकतो, घरात कॉलेजला गेलेला पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते प्रयोगवहीत. गावाबद्दल गावातल्या जाणत्या माणसांनी लिहायला हवं. पण ती माणसं लिहीत नाहीत, बोलतात. म्हणून हे धाडस. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

कोलशेतच्या रस्त्याने खाडीच्या बाजूला वळलं की आधी टॉवर दिसतात. त्यांची नावं इंग्रजी आहेत आणि गेटवर कारंजी आहेत. दोन टॉवरच्या मधून एक अरुंद रस्ता आत जातो, तो आमच्या गावाचा. डिलिव्हरीवाली पोरं फोनवर विचारतात, "टॉवरच्या मागे ना?" माझा बाप दर वेळी सांगतो, "मागे नाय. टॉवर आमच्या पुढं आलेत."

गावात बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मी जरा अडखळतो. गावदेवीचं देऊळ आहे. पूर्वी पत्र्याचं होतं, आता फरशी चकचकीत आहे आणि उन्हाळ्यात म्हातारे तिथेच झोपतात. एक विहीर आहे. तिच्यावर लोखंडी जाळी बसवली, तरी हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या आंघोळीला पाणी तिचंच लागतं. मिठाचे ढीग ज्या ओट्यावर रचायचे, तिथे आता क्रिकेट चालतं. आणि आमचं बोलणं आहे. ते एवढ्या मोठ्याने असतं की एकदा टॉवरमधल्या एक बाई घाबरून आईला विचारायला आल्या, "काही भांडण झालंय का?" आई म्हणाली, "नाय वो, जावेला इचारत होते, चिंबोऱ्या कशा झाल्या."

पण गावाची खरी खूण म्हणजे उघाडी.

हा शब्द बाहेर कुणाला कळत नाही, म्हणून सांगतो. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्या लोकांनी मातीचा बांध घातला. त्या बांधाला एक दार ठेवलं, दगडी भिंतींच्या मधे सरकत्या फळ्यांचं. ओहोटी लागली की फळ्या वर घ्यायच्या, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीच्या आत फळ्या खाली. हे दार म्हणजे उघाडी. माझे आजोबा चाळीसेक वर्षं उघाडीवर होते. त्यांना घड्याळ लागत नसे. तिथी विचारायचे आणि सांगायचे, "आज भांगाची भरती, जोर नाय. पुनवेला बघ." एका वेळी जरी चुकलं असतं तरी अख्ख्या गावाचं भात खारलं असतं. त्यांच्या हातून ते कधी चुकलं नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

शेतं गेली, पण उघाडी आहे. मुसळधार पावसात टॉवरच्या रस्त्यांवरचं पाणीसुद्धा शेवटी तिथूनच खाडीला जातं. आणि बसचा शेवटचा थांबा तिच्याच नावाचा. नाव पूर्वी फक्त लोकांच्या तोंडी होतं, पाटी नव्हती.

मागच्या वर्षी पाटी आली. आजोबांनी सकाळी आंघोळ केली, पांढरी टोपी घातली आणि मला घेऊन निघाले. त्यांना वाचता येत नाही. खांबाला हात लावून ते म्हणाले, "बाला, वाच."

निळ्या पाटीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आघाडी.

मी वर बघितलं, मग टोपीकडे बघितलं. आणि वाचलं, "उघाडी."

"बरोबर लिवलंय ना?"

"हो."

त्यांनी पाटीला नमस्कार केला. मला वाटलं, चार दिवसांत मी गुपचूप दुरुस्त करून घेईन. चार दिवसांचा महिना झाला.

मग एकदा आम्ही दोघं ठाण्याच्या दवाखान्यातून बसने परत येत होतो. कंडक्टर नवीन होता आणि रंगात होता. शेवटच्या वळणावर ओरडला, "चला, आघाडीवाले उतरा! युतीवाले बसा, तुम्हाला परत डेपोत सोडतो!" बस हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांनी कंडक्टरला विचारलं, "कंची आघाडी?"

"अहो बाबा, पाटीवर लिहिलंय तुमच्या. मी काय घरून आणलं का?"

उतरल्यावर आजोबा पाटीखाली थांबले. वर न बघता मला म्हणाले, "तुना वाचता येतं ना?"

"येतं."

"मंग?"

ते काठी टेकत पुढे गेले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा ते शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायला लागले. मी तिथेच बसलेलो असायचो.

मी अर्ज लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा परिवहनच्या कार्यालयात नेला. तिथले साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "अरे, यादीत उघाडीच आलेलं. आम्हीच दुरुस्त केलं. उघडी-बिघडी काय नाव असतं? बायका-मुली थांबतात तिथे."

"उघडी नाही सर. उघाडी."

"असा शब्द आहे का मराठीत? दाखव कुठे छापलेला, लगेच बदलतो."

मला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शब्दकोशात उघड सापडलं, उघडझाप सापडलं, उघडीप सापडलं. उघाडी नव्हतं. त्या दुपारी मला फार वाईट वाटलं. ज्या शब्दावर गाव जेवलं, तो पुस्तकात नाही. मग वाटलं, पुस्तक लिहिणारा आमच्याकडे आलाच नसेल.

शेवटी आजोबांकडेच गेलो. आधी कबूल केलं की खोटं वाचलं. मग विचारलं, उघाडीचं नाव कुठे कागदावर असेल का? ते उठले, पत्र्याच्या पेटीतून जमिनीचं जुनं खरेदीखत काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मोडी नव्हतं, देवाचे उपकार. खाली चतुःसीमा होती, म्हणजे जमिनीच्या चार बाजूंना काय आहे ते. पश्चिमेस गावरस्ता. पूर्वेस उघाडी व खाडी.

मी ते मोठ्याने वाचलं. आजोबांनी बोट ठेवून विचारलं, "कुठं हाय?" मी दाखवलं. त्यांनी त्या शब्दावर बोट बराच वेळ ठेवलं, आणि पोरांना सांगतात तसं म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

साहेबांनी झेरॉक्स ठेवून घेतली, "बघतो" म्हणाले. पुढचे काही महिने ते बघत राहिले. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा फाइल पुढे गेलेली होती.

या उन्हाळ्यात मी प्रशिक्षणासाठी डोंबिवलीला मामाकडे होतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचो. एका दुपारी हातमोजे काढून डबा उघडला, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. धापा टाकत होती.

"दादा, पाटी बदलली! उघाडी लिहिलंय!"

"नीट वाचलंस? पहिलं अक्षर उ आहे?"

"उ आहे रे. आजोबांना नेलेलं सकाळी."

"काय म्हणाले?"

"आधी माझ्याकडून वाचून घेतलं. मग रिक्षावाल्याकडून. मग टॉवरमधल्या एक काकू बससाठी उभ्या होत्या, त्यांच्याकडून. तिघांनी एकच सांगितलं तेव्हा खिशातून टोपी काढून घातली." ती हसायला लागली. "आणि विचारलंय, तू कधी येतोस. चौथ्यांदा तुझ्याकडून वाचून घ्यायचंय."