दुपारची खरवड

शिवणकाकूंना लोक त्यागमूर्ती समजत, कारण त्या सगळ्यांच्या शेवटी जेवत.

नवरा बसवर तिकीट तपासनीस, मुलगा शाळेत. दोघं सकाळी डबे घेऊन बाहेर पडले की काकू पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायला बसायच्या. शेजारणी हळहळायच्या की ही बाई स्वतःसाठी कधी चार घास गरम करून खात नाही. ते कानावर आलं की काकू मान खाली घालायच्या. मान खाली घातली की हसू दिसत नाही.

खरा प्रकार असा होता. सकाळी वरचा पांढरा, मोकळा भात डब्यांत जायचा. जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी जो थर उरायचा, तो काकू दुपारी मंद आचेवर मुद्दाम विसरायच्या. घरात करपट-गोडसर वास दरवळला की मशीन बंद. मग त्या तांबूस, कुरकुरीत खरवडीवर लोण्याचा गोळा, मीठ, मिरपूड, आणि पातेल्यातूनच लोखंडी चमच्यानं खरवडून खायचं. एक खुर्ची बसायला, दुसरी पाय ठेवायला. रेडिओवर एक मालिका लागायची, तिच्यातली नायिका कित्येक वर्षं घर सोडून जायच्या तयारीत होती. तिची बॅग भरून व्हायच्या आत काकूंचं पातेलं लख्ख घासून फळीवर गेलेलं असायचं. मुलगा शिकला, मोठा झाला, लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, तरी या दुपारींचा कुणाला पत्ता लागला नाही.

मग तपासनीस निवृत्त झाले.

निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं की यांनी आयुष्य प्रवाशांना दिलं, आता घराला द्यावं. तपासनीस आज्ञाधारक होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराला आयुष्य द्यायला सुरुवात केली. म्हणजे ते घरात बसप्रमाणे पुढून मागे आणि मागून पुढे फिरू लागले. दर फेरीला स्वयंपाकघराच्या दारात थांबायचे, भांड्यावरचं झाकण उचलायचे, आत बघायचे आणि काही न बोलता परत ठेवायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. कांदा इतका बारीक का, गॅस इतका मोठा का, शिवताना दोरा दातानं का तोडतेस, असे प्रश्न ते नुसत्या भुवईनं विचारायचे.

एका दुपारी काकू हात धुवायला गेल्या तेवढ्यात तपासनिसांना वास आला. त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला आणि पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. काकू आल्या तर खरवड पाण्यावर तरंगत होती.

“वेळेवर पाहिलं म्हणून,” तपासनीस म्हणाले. “नाहीतर भांडं गेलं असतं.”

काकूंनी पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि बेसिनपाशी जाऊन पुन्हा एकदा हात धुतले.

त्या आठवड्यात पडद्यांचा राखाडी दोरा खरोखरच संपला. तपासनीस म्हणाले, मी आणतो. गेले ते दोन तास आले नाहीत. आले तेव्हा चेहरा तजेलदार होता, आणि रस्त्यात कोणत्या दुकानाची पाटी वाकडी आहे, रांगेत कोण मध्ये घुसला आणि आपण त्याला कसा मागे पाठवला, याचा सविस्तर अहवाल होता. काकूंनी तो प्रेमानं ऐकला. त्यांचं जेवण झालेलं होतं.

इथून काकूंची दुसरी कारकीर्द सुरू झाली. पहिल्या कारकिर्दीत त्यांनी कापड बेतलं, या कारकिर्दीत नवरा बेतला. एका वेळी एकच वस्तू सांगायची, हा पहिला धडा. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल ती वस्तू कधीही सांगायची नाही, हा लगेच शिकलेला दुसरा. आणि वर्णन असं करायचं की माणसाला विचार करावा लागेल: “बटणं निळी आणा, पण फार निळी नकोत. साधीच, पण अगदी साधी नकोत.” एवढी शिदोरी घेऊन निघालेला माणूस सहसा लवकर परतत नाही.

शेजारणींचं मत बदललं नाही, फक्त रुंदावलं. बाई त्यागमूर्ती होतीच, आता नवराही देवमाणूस ठरला. एका लिंबासाठी उन्हातान्हात जातो, तोंडातून ब्र काढत नाही. इमारतीतल्या इतर निवृत्तांना त्यांच्या बायकांनी तपासनिसांचा दाखला देऊन खुर्चीवरून उठवलं, त्यामुळे पुरुषमंडळी त्यांच्याशी जरा तुटकपणे वागू लागली. तपासनिसांना त्याचं काही नव्हतं. आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही, अशा चालीनं ते जिना उतरत.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की कुणीतरी येऊन ते सुधारणार हे उघडच होतं. मुलगा आला.

मुलगा सल्लागार होता. कारखान्यांमध्ये जाऊन, पाच जणांचं काम तिघांत कसं भागेल हे तो सांगायचा आणि मग विमानानं घरी यायचा. उंटावरून शेळ्या हाकण्याचा पगार मिळतो हे तपासनिसांना पटत नसे, पण मुलगा आपला असल्यामुळे ते बोलत नसत. सुट्टी घेऊन आलेल्या मुलानं पाहिलं की बाबा सकाळी काड्यापेटीसाठी गेले आणि दुपारी अभ्र्याच्या चेनसाठी. त्याला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की तो आराखडा काढत असे. त्यानं आईबाबांना सोफ्यावर बसवून समजावलं की या फेऱ्या एकत्र करता येतील, किंबहुना त्यांची गरजच नाही. त्यानं दोघांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. पुढच्या दोन दिवसांत दारात खोक्यांची चळत लागली. दोऱ्याची रिळं, बटणं, चेन, दिवे, मीठ, साबण, लिंबंसुद्धा. कपाटांवर चिठ्ठ्या लागल्या. आणि आईसाठी खास भेट म्हणून भात शिजवायचं विजेचं भांडं आलं.

“आई, यात भात कधीच खाली लागत नाही,” मुलगा म्हणाला. “गॅरंटी आहे.”

काकूंनी ते भांडं दोन्ही हातांनी घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. मुलाला भरून पावल्यासारखं झालं.

तो गेल्यावर घरात सगळं होतं आणि करायला काही नव्हतं. तपासनीस पुन्हा पुढून मागे फिरू लागले. खोकी घेऊन येणाऱ्या माणसाला ते दारात उभं करून खोक्याचा कोपरा का चेपला ते विचारत, पण तो घाईत असायचा. रस्त्यावर निदान लोक उत्तरं तरी द्यायचे. दुपारी विजेचं भांडं शिट्टी वाजवायचं आणि तपासनीस पहिल्या शिट्टीला हजर. दोघं समोरासमोर बसून जेवायचे. भात इस्पितळातल्या चादरीसारखा पांढरा, सुरकुती नाही. रेडिओ बंद, कारण तपासनिसांच्या मते त्या नायिकेनं एक तर जावं किंवा बॅग रिकामी करावी.

मुलगा दर रविवारी फोन करायचा. किती वेळ वाचला, असं विचारायचा.

खूप वाचला, काकू सांगायच्या.

मग त्याचं काय करता, या प्रश्नावर दोघंही फोन एकमेकांच्या हातात द्यायचे.

वाचलेल्या वेळात ते भांडू लागले. टॉवेलची घडी तीनपदरी की चारपदरी, यावरून दोन दिवस अबोला झाला. लग्नाच्या एवढ्या वर्षांत टॉवेल हा विषय निघालाच नव्हता.

मग एके दिवशी, शिट्टी व्हायच्या बऱ्याच आधी, तपासनीस पायांत बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“मीठ संपलंय,” ते म्हणाले.

काकू कांदा चिरत होत्या. कपाटात चिठ्ठीखाली मिठाच्या पुड्यांची रास होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कपाट उघडलं. रास नव्हती. चिठ्ठी होती.

“सकाळपर्यंत होतं की.”

“शेजारी दिलं. त्यांच्याकडे नव्हतं.”

“सगळं?”

तपासनिसांनी भिंतीकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सबबी ऐकलेल्या माणसाला स्वतःची नीट सांगता येत नव्हती. काकूंनी सुरी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, की बाहेर आहे तरी काय.

होतं ते एवढंच. बटणांच्या दुकानामागे एक बेकरी होती. दुपारी भट्टीतून पाव निघाले की बटणवाला दोन घेऊन यायचा आणि ते दोघं उलट्या खोक्यांवर बसून, बोटं भाजत, चहात बुडवून खायचे. बटणवाला कमी ऐकायचा. तपासनीस त्याला बसवरचे सगळे किस्से सांगत, आणि पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा तो रोज हसत असे.

“माझं ठीक आहे,” तपासनीस म्हणाले. “पण तुझी खरवडही गेली.”

काकूंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“पाणी ओतलं त्या दिवशी तुझं तोंड पाहिलं होतं. बिनतिकीट माणूस पकडला की त्याचं होतं ना, तसं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दर वेळी पकडलंच पाहिजे असं नसतं. बस पुढे जायची असते.”

आता इथे काकूंना भरून यायला हवं होतं. तसं झालं नाही. त्यांना राग आला. एवढ्या कष्टानं दूरदूर पाठवलेला माणूस आपण होऊन जात होता, म्हणजे आपल्या कलेला काही किंमतच नव्हती. त्यांनी नवऱ्याला मीठ आणायला धाडलं, तेही दोनच तुटक शब्दांत: “जा. आणा.” त्या दुपारी विजेचं भांडं माळ्यावर गेलं आणि जाड बुडाचं पातेलं खाली आलं. खरवड उत्तम जमली होती, पण घास उतरेना. चोरून खायच्या वस्तूला मुभा मिळाली की तिचं नुसतं जेवण होतं.

दोनतीन दिवस असे फिके गेले. मग काकूंना उपाय सापडला. तपासनीस आता पाव खाऊन येणार हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी खरवडीवर लोण्याबरोबर एक अंडंही फोडायला सुरुवात केली, आणि ते त्यांना सांगितलं नाही. चव परत आली. खोकी येतच राहिली, ती शेजारपाजारी वाटली जाऊ लागली, आणि शेजारणींनी त्यागाचा आणखी एक पुरावा नोंदवला. रविवारी मुलाला वेळ वाचल्याचं इमानेइतबारे कळवलं जाई.

हिवाळ्याच्या सुमारास रविवार नसताना फोन आला. सून होती, आणि आवाज दाबून बोलत होती. मुलाच्या कंपनीनं त्याचाच सल्ला मानला होता. कचेरीची जागा निम्मी केली आणि त्याला घरून काम दिलं. आता तो दिवसभर घरात होता. त्यानं डबे उंचीनुसार लावले होते. ती चहा घेऊन खिडकीशी बसली की तो मागे येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, तू या वेळेत नेहमी काहीच करत नाहीस का?

“आई, मी काय करू?”

“बाहेर पाठव,” काकू म्हणाल्या.

“काय सांगून? ते फोनवरून मागवतात. दहा मिनिटांत दारात.”

काकूंनी बराच वेळ विचार केला. नवी पिढी हुशार होती, निळ्या बटणांनी भागणार नव्हतं.

“फळं सांग,” शेवटी त्या म्हणाल्या. “मागच्या वेळची कच्ची निघाली म्हण. तुमच्यासारखी पारख मला नाही म्हण. आणि पिकलेली हवीत, पण फार पिकलेली नकोत.”

सुनेचा पुढचा फोन आठवड्यानं आला. मुलगा पहिल्या दिवशी कुरकुरत गेला होता. दुसऱ्या दिवशी फळवाल्यानं त्याला पेरू दाबून बघायला शिकवलं, तिसऱ्या दिवशी वास घेऊन. आता तो दिवसाआड नदीपलीकडच्या बाजारात जात होता, कारण जवळच्या फळवाल्याला, त्याच्या मते, मालाची समज नव्हती. काल शर्टावर रसाचा ओघळ घेऊन परतला होता आणि अर्धा तास सुनेला समजावत होता, की काही कामं अशी असतात जी माणसाला स्वतः जाऊनच करावी लागतात.

“तू काय म्हणालीस?” काकूंनी विचारलं.

“म्हटलं, मला हे कधीच सुचलं नसतं.”

“शाबास,” काकू म्हणाल्या, आणि कलिंगडाचा मोसम कधी सुरू होतो ते तिला सांगून ठेवलं.