वेगळं काढलेलं ताट

पाथर्डी तालुक्यातला अंगद दरसाल ऊसतोडीला जायचा. तिकडे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको दिपाली बाळंतपणासाठी गावी राहिली, त्या हंगामात अंगद अर्धा कोयता होऊन गेला. जोडीला गावचाच सहादेव, तोही एकटा.

पौषात ट्रॅक्टर मागे येताना सहादेव ट्रॉलीखाली आला. अंगदच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी फड पुन्हा सुरू. ऊस काय कुणाच्या मयताला थांबतो? पण अंगदच्या कानातून त्या ट्रॅक्टरचा आवाज जाईना. ट्रॅक्टर सुरू झाला की त्याला दरदरून घाम फुटायचा, हातातला कोयता गळायचा. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवलं. असल्या दुखण्यालाही डॉक्टर असतो हे त्या फडात कुणाला ठाऊक? शेवटी एका ट्रकवाल्याने त्याला दारू पाजली आणि हायवेवरच्या बायांकडे नेलं. अंगद तीन-चारदा गेला. तेवढा वेळ आवाज बंद असायचा. हे कारण झालं, माफी नव्हे, आणि ते त्यालाही कळत होतं.

दोन वर्षांनी ताप हटेना म्हणून तो नगरच्या सरकारी दवाखान्यात गेला, तर रक्तात एचआयव्ही निघाला. तिथल्या समुपदेशक आरतीताई म्हणाल्या, रोज गोळ्या घेतल्या तर माणूस चांगला जगतो, पण बायकोला तपासायला घेऊन या. अंगदने घरी सांगितलं, अशक्तपणाच्या गोळ्या आहेत. चार महिने तो दिपालीपासून लांब झोपला, पण बोलला नाही. अखेर ताईंनी फोनवर फैलावर घेतलं तेव्हा तिला आणि मुलीला घेऊन गेला. मुलीचं रक्त चांगलं निघालं. दिपालीचं नाही.

दोघांनाही तेच झालंय हे ताईंनी समजावून सांगितलं.  दिपाली अंगदकडे वळून म्हणाली, "बाळंतपनात मला रगत चढवलं हुतं. त्यातूनच आलं आसंल. माझ्यापायी तुमाला झालं बगा." आणि तिथेच वाकून ती त्याच्या पाया पडली.

चढवायचं रक्त आधी तपासलेलं असतं, एवढं ताई म्हणाल्या आणि अंगदकडे बघत राहिल्या. पुढचं सांगणं त्याचं होतं. अंगदने पाय मागे घेतले, तोंड उघडलं नाही. आयती सबब चालून आली होती, ती त्याने घेतली.

घरी आल्यावर दिपालीने सासूलाही आपणहून तेच सांगितलं. कडूबाई काही वाईट बाई नव्हे, पण त्या संध्याकाळी तिने सुनेचं ताट वेगळं काढून ओट्यावर ठेवलं आणि नातीला स्वतःजवळ धरून बसली. पोर आईकडे जायला रडत होती. दिपालीने मुकाट्याने ताट ओढून घेतलं. आत अंगदच्या पुढ्यात गरम भाकरी होती. त्याने ताट पुढे सारलं.

"आई, ताट काढायचं तर माझं काढ," तो म्हणाला. "रगतातून न्हाई आलं ते. कारखान्यावर मी बायांकडं गेल्तो. मीच घरात आनलं. आन संगं जेवल्यानं हे कुनाला हुत बी न्हाई."

कडूबाईचा हात सैल पडला, तशी पोर आईकडे पळाली. दिपालीने तिला मांडीवर घेतलं. 

"दवाखान्यात मी पाया पडले," ती म्हणाली, "तवा का गप बसलात?"

भ्यालो, असं सांगता आलं असतं. ते अर्धंच खरं होतं, आणि आता अर्धं सांगायचीही त्याला लाज वाटली.

"तवा बरं वाटलं मला," अंगद म्हणाला.